सेलेस्टियाचा लाइट नोड: जुन्या लॅपटॉपवर चालवून पाहिल्यावर

सेकंदाला किती व्यवहार होतात यावरून ब्लॉकचेनची पारख करणं मला पटत नाही. यंत्रं मोठी केली की तो आकडा वाढतोच. सोलाना या ब्लॉकचेनचा व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून मंजूर करणारा प्रोग्राम) चालवायला लागणारं यंत्र चारचौघांच्या घरी नसतं, त्यामुळे तिथला हिशेब तपासणारे मोजकेच उरतात. व्यवहार वाढले तरी तपासणी माझ्या आवाक्यात राहिली पाहिजे, ही माझी कसोटी. सांगलीत पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हिशेब लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा, हे या कामात अंगात भिनतं. सेलेस्टिया या ब्लॉकचेनचा लाइट नोड, म्हणजे साध्या संगणकावरून तिची तपासणी करणारा हलका प्रोग्राम, या कसोटीला उतरला.

रचना थोडक्यात सांगते. नेहमीची ब्लॉकचेन सगळी कामं एकटी करते: व्यवहार चालवणं, त्यांचा क्रम लावणं, वाद मिटवणं आणि डेटा सर्वांपुढे ठेवणं. २०१७च्या अखेरीस क्रिप्टोकिटीज या मांजरांच्या खेळाने इथेरियम ही ब्लॉकचेन तुंबली आणि त्या एका खेळाची गर्दी सगळ्यांच्याच माथी आली. मॉड्युलर रचनेत ही कामं वाटून दिलेली असतात. मुस्तफा अल-बासम यांनी २०१९मध्ये लेझीलेजर नावाने मांडलेली कल्पना ३१ ऑक्टोबर २०२३ला सेलेस्टिया म्हणून सुरू झाली. ती फक्त क्रम लावते आणि डेटा उघड ठेवते. कुणाच्या खात्यात किती, हे तिच्यावर उभे असलेले रोलअप, म्हणजे व्यवहार स्वतः चालवून त्यांचा डेटा तिच्याकडे ठेवणाऱ्या वेगळ्या साखळ्या, पाहतात.

आता खरी करामत. लाइट नोड पूर्ण ब्लॉक (व्यवहारांचा एक गठ्ठा) उतरवून घेत नाही, शितावरून भाताची परीक्षा करतो. पण अशा परीक्षेत एक पळवाट असते. हजारात एकच शीत कच्चं असेल तर ते हाताला लागत नाही, आणि ब्लॉकमधला एकच व्यवहार दडवला तरी चोरी साधते. सेलेस्टियाने ही पळवाट गणिताने बुजवली आहे. सुरुवातीच्या मर्यादेतला २ एमबीचा ब्लॉक घ्या. ५१२ बाइटचा एक तुकडा, असे ६४ गुणिले ६४ चौकोनात ४,०९६ तुकडे. रीड-सोलोमन या गणिती पद्धतीने आडवी-उभी भर, म्हणजे हरवलेले तुकडे परत काढता यावेत म्हणून जादा तुकडे, घातली की चौकोन १२८ गुणिले १२८ होतो, म्हणजे १६,३८४ तुकडे. आता मूळचा एकच तुकडा लपवायचा म्हटलं तरी या मोठ्या चौकोनातले पाव भागाहून जास्त तुकडे दडवावे लागतात, नाहीतर उरलेल्यांवरून तो परत तयार करता येतो. नोड कुठलेही १६ तुकडे मागतो. एका मागणीतून चोरी निसटण्याची शक्यता फार तर पाऊण. पाऊणचा सोळावा घात केला की उरतो साधारण एक टक्का. सोळा हजारांतले सोळा तुकडे पाहून ९९ टक्के खात्री! हे वहीत मांडून पाहिलं आणि या प्रकल्पावर माझा जीव जडला.

त्यातून निघणारी गोष्ट त्याहून मोठी आहे. नमुने घेणारे नोड जितके जास्त, तितके एकूण तुकडे लोकांच्या हाती राहतात आणि तितका मोठा ब्लॉक सुरक्षितपणे पेलता येतो. म्हणजे माझ्यासारख्यांनी चालवलेले लहान नोड हे या रचनेचं बळ आहेत.

वापरायला नोड हलका आहे. एक कोर आणि ५०० एमबी रॅम पुरते असं अधिकृत माहितीत लिहिलेलं आहे आणि माझा अनुभवही तसाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तो चालला. वीज गेली तर परत सुरू झाल्यावर मधले राहिलेले ब्लॉक तो स्वतः तपासून घेतो. मात्र काळ्या खिडकीत कमांड टाइप करण्याची सवय नसेल तर मांडणी जड जाईल. अशांनी लुमिना हा दुसरा लाइट नोड पाहावा, तो थेट ब्राउझरमध्ये चालतो.

मर्यादाही सांगायलाच हव्यात. डेटा प्रसिद्ध झाला, एवढीच ग्वाही हा नोड देतो. रोलअपने बेरीज बरोबर केली का, हे सांगत नाही. त्यासाठी वेगळे पुरावे लागतात, आणि ऑप्टिमिस्टिक रोलअपमधून (आक्षेप येईपर्यंत हिशेब बरोबर धरून चालणाऱ्या) पैसे काढताना साधारण सात दिवस थांबावं लागतं ते त्याचमुळे. बऱ्याच रोलअपमध्ये त्यांच्या स्वतःच्या व्यवहारांचा क्रम लावणारा सिक्वेन्सर अजून एकाच संस्थेच्या हाती आहे, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. शिवाय रोलअप वाढले की पैसे इकडून तिकडे नेणारे पूल वाढतात. मार्च २०२२मध्ये रोनिन या खेळासाठीच्या ब्लॉकचेनच्या पुलावरून ६० कोटी डॉलरहून जास्त चोरीला गेले. पूल किती नाजूक असतात ते तेव्हा दिसलं. सेलेस्टिया डेटा कायमचा जपतही नाही, जुना डेटा ज्याचा त्याने सांभाळायचा.

पर्याय आहेत. मुंबईत मॅटिक म्हणून सुरू झालेल्या पॉलिगॉनमधून वेगळं झालेलं अव्हेल २०२४मध्ये सुरू झालं. भर बरोबर घातली आहे याचा पुरावा ते ब्लॉकसोबतच देतं, तर सेलेस्टियात चूक दाखवणारा पुरावा कुणीतरी नंतर पुढे करावा लागतो. इथे अव्हेल मला सरस वाटतं. इथेरियमने मार्च २०२४मध्ये ब्लॉब (रोलअपचा डेटा तात्पुरता ठेवण्याची स्वस्त जागा) आणले आणि डिसेंबर २०२५च्या फुसाका सुधारणेत तेही नमुना-तपासणीकडे वळलं.

टोकनच्या (सेलेस्टियाच्या नाण्याच्या) भावासाठी इकडे येणाऱ्यांना या नोडमधून काहीच मिळणार नाही, तो चालवण्याचं बक्षीस नसतं. नेटवर्क शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि रोलअप बांधणाऱ्यांनी मात्र तो जरूर बसवावा, आणि नोंदींमध्ये एकेका ब्लॉकची तपासणी होताना पाहावी.