असईचे गोलंदाज आणि माझे १४४० पाउंड

एका माणसाला मी १४४० पाउंड आणि रंगवायला २४० छोटे धातूचे शिपाई दिले. परत आले १२०, आणि त्यातले ९६ नकली. उरलेल्यांचा पत्ता नाही, त्या माणसाचाही नाही. आपल्यातले बरेच जण आता मिनिएचर सैन्य रंगवायला बाहेर देतात, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

मी मूळचा भोकरदन तालुक्यातला. गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. इथे आल्यावर कामावरच्या एका मित्रामुळे नेपोलियनकालीन युद्धखेळाचा, म्हणजे छोटे शिपाई टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळायचा, नाद लागला. पहिले चार हिवाळे वॉटर्लूत गेले: २८ मिलिमीटर उंचीचे फ्रेंच आणि इंग्रज, ला हे सँतचं शेतघर, पिकांनी भरलेला उतार. पण डोक्यात पहिल्यापासून असई होती. आमच्या गावाहून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर ती लढाई झाली. २३ सप्टेंबर १८०३. तिकडे नेपोलियन अजून सम्राट व्हायचा होता, आणि पुढे त्याला वॉटर्लूवर हरवणारा वेलस्ली इकडे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. पिंपळगाव आणि वरूड नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने फौज केळणेत घातली. लहानपणी ती नदी मी कितीदा ओलांडली आहे. ती टेबलावर उभी करायची, हे माझ्यासाठी नुसतं खेळणं नव्हतं.

नदीचं आणि गावाचं काम मी स्वतः केलं. निळ्या फोमच्या पाट्या गरम तारेने कापून केळणेचे उभे काठ काढले. इथे दुकानात मिळणारं हिरवंगार गवत तिथे शोभत नाही. सप्टेंबरअखेरीला आपल्याकडे काळी माती ओली असते, गवताचे शेंडे पिवळायला लागलेले असतात, ज्वारी उभी असते. मातीच्या रंगासाठी बारीक वाळूत काळा आणि तपकिरी रंग कालवून सात वेळा नमुने केले. असईची माळवदाची घरं आणि मातीची तटबंदी फोम कोरून, वर फेव्हिकॉलसारख्या डिंकात बुडवलेला टिश्यू पेपर चिकटवून केली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अरे, पाणी जायला पन्हळ कुठाय?" मग प्रत्येक माळवदाला पन्हळ लावली.

प्रश्न माणसांचा होता. पोहलमन नावाच्या हॅनोवरच्या सरदाराच्या हाताखाली शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांवर होतं. पन्नास माणसांमागे एक शिपाई धरला तरी २०० पायदळ आणि ४० गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, माझ्या हिशेबात बसत होते. गोलंदाजांवर माझा विशेष जीव. इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. ही माणसं टेबलावर नीट दिसायला हवी होती. पण २८ मिलिमीटरचा एक शिपाई मनासारखा रंगवायला मला दोन-अडीच तास लागतात. नोकरी, घर, दोन मुलं. २४० शिपाई म्हणजे तीन वर्षं.

अशात मिडलंड्समधल्या एका प्रदर्शनात तो भेटला. मी माझी वॉटर्लूची फ्रेंच पलटण मांडली होती. साधारण पन्नाशीचा माणूस वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तिसऱ्या कंपनीच्या टोपीवरचा गोंडा नारिंगी हवा, तुम्ही लाल केलाय." बरोबर होतं. फ्रेंच पलटणीच्या चार फ्युझिलियर (साध्या पायदळाच्या) कंपन्यांचे गोंडे हिरवा, आकाशी, नारिंगी, जांभळा असे. माझा नारिंगी रंग वॉशखाली, म्हणजे वर फिरवलेल्या पातळ गडद रंगाखाली, गडद होऊन लाल दिसत होता. मग बोलणं असईवर गेलं. इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणीच्या कॉलर-कफांचा रंग पांढरा आणि ७८ वीचा बदामी, हे त्याला तोंडपाठ होतं. पोहलमनचं नाव मी घेण्याआधी त्याने घेतलं. इंग्लंडात चौदा वर्षांत असईबद्दल माझ्याशी एवढं बोलणारा तो पहिलाच माणूस होता. मी तिथेच त्याचा झालो. इतका अभ्यास असलेला माणूस लबाड असेल, हे माझ्या मनाला शिवलंच नाही. माझी मुख्य चूक ही. पैशांच्या चुका सगळ्या तिच्यातून पुढे झाल्या.

ठरलं असं: शिपाई माझे, रंग आणि मेहनत त्याची. एका शिपायाचे आठ पाउंड. २४० चे १९२०. अर्धे, म्हणजे ९६० आगाऊ. पैसे पेपॅलने पाठवायचे होते. त्याने सांगितलं, "मित्र आणि कुटुंब हा पर्याय निवडा, म्हणजे मधलं शुल्क कापलं जाणार नाही, तेवढेच तुमचे वाचतील." मी निवडला. या पर्यायाला खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. माल आला नाही किंवा खोटा आला तरी पेपॅल हात वर करतं, कारण त्यांच्या लेखी तुम्ही मित्राला भेट दिलेली असते. धंदा करणारा माणूस हा पर्याय मागतोय, तिथेच व्यवहार थांबवा. क्रेडिट कार्डाने भरता आलं तर उत्तम. इथल्या १९७४ च्या कायद्यात १०० पाउंडांवरच्या खरेदीसाठी कार्ड कंपनीही विक्रेत्याबरोबर जबाबदार धरली जाते. हे सगळं मी नंतर वाचलं.

एक गोष्ट मात्र हातून बरी झाली. शिपाई पाठवण्याआधी दोन संध्याकाळी बसून प्रत्येकाच्या तळाला टोचणीने लहानसा 'अ' कोरला. असईचा अ. घरातल्या प्रत्येक तांब्या-पातेल्यावर नाव घालून घ्यायची सवय आपल्याकडे असते, आमच्या आईला तर फार. वाडग्यावरसुद्धा तारखेसह नाव. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होतात ना. तसंच शिपायांचं होऊ नये, एवढाच विचार होता. शिवाय बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, न चिकटवता पाठवा असं मी त्याला सांगितलं होतं, कारण काळी माती मला माझ्या हाताने लावायची होती. त्यामुळे तळ उघडे राहणार होते.

सहा आठवड्यांनी पहिले २४ आले. अप्रतिम. चेहऱ्यावर तीन छटा, क्रॉसबेल्टच्या कडेला केसासारखी काळी रेघ. तळाला 'अ'. मी ते टेबलावर मांडून रात्री उशिरापर्यंत बघत बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला की निम्मे होत आले, फोटो पाठवतोय, अजून ४८० पाठवलेत तर पुढचं काम थांबणार नाही. फोटो सुंदर होते. पाठवले ४८०. तेही तसेच, मित्राला भेट म्हणून.

मग चार महिने काही नाही. आधी त्याला ताप, मग त्याच्या वडिलांचं ऑपरेशन, मग कुरियरचा संप. एके दिवशी बायको म्हणाली, "तू ह्याच्या घरी कधी गेलायस का? पत्ता काय आहे त्याचा?" पत्ता पाहिला तर तो एका दुकानातला पार्सल घेण्याचा काउंटर होता. त्याच रात्री त्याने पाठवलेले फोटो मूळचे कुठले, हे मी इंटरनेटवर शोधून पाहिलं. सहापैकी चार फोटो दुसऱ्याच एका चित्रकाराच्या कामाचे होते, काही वर्षांपूर्वीचे. नीट पाहिलं असतं तर आधीच कळलं असतं: त्या शिपायांना बेस लावलेले होते, आणि माझे तर बेसशिवाय होते.

मी कडक शब्दांत लिहिल्यावर आठ दिवसांत पार्सल आलं. खोका उचलला तेव्हाच काहीतरी चुकलं आहे असं वाटलं. ९६ धातूचे शिपाई म्हणजे हाताला चांगलं वजन लागतं. हा खोका एका हातात आला. एक शिपाई तळहातावर घेतला, वजनच नाही. रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा हलका माल. माझ्या खऱ्या शिपायांचा सिलिकॉन साचा काढून त्यात ओतलेली नक्कल. अशा नकलेची लक्षणं तुम्हालाही ओळखता येतील. खऱ्याशेजारी उभी केली की ती किंचित बुटकी दिसते, कारण साच्यात घट्ट होताना माल थोडा आकसतो. बटणं आणि बोटं साबणासारखी गुळगुळीत होतात. कोपराच्या आत, टोपीच्या काठाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, ती हवेच्या बुडबुड्यांची. एकाचा चेहरा मी भिंगाखाली धरला तर डोळ्याच्या जागी तसलाच खड्डा होता, त्यात पांढरा रंग भरलेला. रंगकाम म्हणजे एक थर आणि वर तपकिरी वॉश. तळ उलटे करून पाहिले. ९६ पैकी एकावरही 'अ' नव्हता.

त्याने उत्तर दिलं की दोन गिऱ्हाइकांचा माल मिसळला असेल, बघतो. ते शेवटचं. फोन बंद झाला.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. दहा हजार पाउंडांपर्यंतच्या दाव्यासाठी इथे छोटं दिवाणी न्यायालय असतं, पण समोरच्याला कागद पोहोचवायला खरा पत्ता लागतो. त्याने दिलेलं नाव तरी खरं होतं का, हेही मला सांगता येणार नाही. क्लबमधल्या मित्राने विचारपूस केली तेव्हा आणखी दोघे निघाले. दोघांनाही पहिला हप्ता उत्तम मिळाला होता. पहिला हप्ता तो जीव ओतून रंगवतो, आणि त्याच्या जोरावर दुसरा पैसा काढतो. तेव्हा पहिल्या हप्त्यावर भाळून कुणी पुढचे पैसे सोडू नका. एका वेळी २०-२५ च शिपाई पाठवा. ते परत आले, तळ तपासले, वजन केलं की मग पुढचे. कामाचा फोटो मागाल तर तुमच्या खुणेचा तळ वर करून, शेजारी हाताने लिहिलेली त्या दिवशीची तारीख ठेवून मागा. ज्याच्याकडे माल आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि एकदा त्याचं काम चालतं ती जागा डोळ्यांनी बघून या, तासभर गाडी चालवावी लागली तरी.

यंदा मार्चमध्ये दुसऱ्या एका प्रदर्शनात जुन्या वस्तूंच्या टेबलावर एका प्लॅस्टिकच्या डब्यात धातूचे, न रंगवलेले गोलंदाज दिसले. फेटा, हातात तोफ साफ करायचा दांडा. उलटा केला. 'अ'. डब्यात नऊ होते, नऊही माझे. विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, त्यांनी ते आणखी कुणाकडून तरी पिशवीभर घेतलेले. मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं ती कारखान्याची खूण आहे." घरी असलेले बाकीचेही ते शोधून बघणार होते, पण नंतर त्यांनी कळवलं की एवढेच होते. त्यांनी जेवढ्याला घेतले तेवढेच, पंधरा पाउंड, माझ्याकडून घेतले. जास्त घ्यायला तयारच होईनात.

ते नऊ मी स्वतः रंगवले. एका रात्री एक. दोन तोफांमागे, ज्वारीच्या कडेला, तीन जण आडवे पडलेले आणि बाकीचे उठताना. अजून ३१ गोलंदाज आणि १७६ पायदळ कुठेतरी फिरत आहेत. इंग्लंडात किंवा इतरत्र जुना मराठा तोफखाना कुणाला विकत मिळाला, तर घेण्याआधी तळ उलटा करून एकदा पाहा.