वाळत आलेली फुलझाडं: आत्ताच काढायची, की बी धरेपर्यंत ठेवायची?

पाडवा झाला की कोल्हापुरात ऊन तापायला लागतं आणि दिवाळीनंतर लावलेल्या हंगामी फुलझाडांचा डौल उतरतो. पिटुनिया लांबट होऊन लोंबतो, कॅलेंडुलाच्या पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी येते, झेंडूची खालची पानं करपतात. परस आवरायला घ्यावं, तर प्रत्येक रोपाच्या शेंड्यावर एखादी कळी असतेच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "ऱ्हाऊ दे की अजून दोन दिस." थंडीभर पाणी घालून वाढवलेलं रोप उपटायला हात धजत नाही, हे अगदी खरं आहे. पण ठेवायचं की काढायचं हे सगळ्या बागेसाठी एकदम ठरवायला गेलं की घोळ होतो. ते रोपागणिक ठरवावं.

काढून टाकण्याच्या बाजूनं सगळ्यात मोठं कारण पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये कुंडीतली माती सकाळी भिजवली तर दुपारपर्यंत कोरडी पडते. संपत आलेलं रोपही रोज पाणी मागतं, आणि नेमका तेव्हाच मोगऱ्याचा बहर असतो. पाणी बेताचं असेल तर ते मोगऱ्याला द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण कीड. कोरड्या उन्हात लाल कोळी फोफावतो आणि थकलेल्या रोपांवर तो आधी बसतो. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की खाली पांढरा कागद धरून पान झटकावं. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडून हळूहळू चालायला लागले, तर पुढचा विचार करत बसू नये. ते रोप त्याच दिवशी काढावं, पिशवीत बांधावं, खताच्या खड्ड्यात टाकू नये. तिथून गुलाबावर जायला कोळ्याला वेळ लागत नाही. पिठ्या ढेकणाचंही, म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या किडीचंही, तसंच.

आता ठेवण्याची बाजू. इथं खरी कमाई बियांची आहे, पण सगळ्याच रोपांची नाही. नर्सरीतून आणलेला पिटुनिया आणि मोठ्या गच्च फुलांचा झेंडू बहुतेक वेळा संकरित असतो. त्याचं बी धरलं तरी पुढच्या वर्षी तसंच फूल येईल याची खात्री नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी महिनाभर कुंडी अडवण्यात अर्थ नाही. उलट घरच्या बियाण्याचा गावठी झेंडू, साधा झिनिया, कॅलेंडुला, हॉलीहॉक यांचं बी जरूर धरावं. प्रत्येकाची दोन-तीन जोमदार रोपं निवडून त्यांना सुतळी बांधून ठेवावी, म्हणजे आवरताना चुकून कात्री लागत नाही. बाकीची काढावी.

बी तयार झालं हे ओळखायला फूल फोडून पाहावं. झेंडूचं बी काळं, सुईसारखं, टोकाला गवती रंगाची शेपटी असलेलं. ते काळं नसेल तर अजून थांबावं. कॅलेंडुलाचं बी वाकडं, खडबडीत, वाळलेल्या अळीसारखं. झिनियाची वाळलेली पाकळी ओढली की तिच्या बुडाशी चपटं बी चिकटून येतं. दव सुकल्यावर सकाळी खुडावं, आठवडाभर सावलीत वाळवावं, कागदी पाकिटात घालून वर नाव आणि रंग लिहावा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवेनं बुरशी धरते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. झेंडूचं बी जूनच्या शेवटी पेरलं तर दसऱ्याला फुलं मिळतात. कॅलेंडुला आणि हॉलीहॉकला पाऊस ओसरेपर्यंत थांबावं लागतं.

ठेवण्याचा दुसरा फायदा पाखरांचा. बी धरलेल्या कॉसमॉसवर मुनियांचा थवा उतरतो, दांडी वाकवून बी टिपतो. बाग तेव्हा दिसायला उजाड असते, पण मला ती तशीही आवडते. एक मात्र सांभाळावं: पिवळा-केशरी कॉसमॉस आपला आपण पसरतो आणि माळरानावर, रस्त्याकडेला देशी गवतफुलांची जागा घेतो. घर डोंगराकडेला किंवा माळाला लागून असेल तर त्याची बोंडं वाळण्याआधीच खुडावी. पाखरांसाठी दुसरं काही ठेवावं.

या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे नुसती सुकलेली फुलं खुडत राहणं. फूल खुडलं की रोपाची ताकद बियांकडे न जाता नव्या कळ्यांकडे जाते. झिनियाला आणि गुलाबाला हे चांगलं मानवतं. थंडीतल्या फुलांना मात्र फाल्गुनापर्यंतच. एकदा ऊन कडक झालं की कितीही खुडलं तरी ती सावरत नाहीत, आणि हौशी माणसाचे बरेच दिवस या आशेत जातात.

कंदवाल्या झाडांचा यात वेगळा विचार करावा. ग्लॅडिओलसचं फूल संपलं की दांडा कापावा, पण पानं पिवळी पडेपर्यंत हात लावू नये. पुढच्या फुलांचा साठा कंदात ती पानंच भरतात. शेवंती कंदवाली नाही, पण तीही उपटायची नाही. ती बुडापासून चार बोटं ठेवून छाटावी, म्हणजे बुडातून मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात आणि पुढची लागण त्यांच्यावरच होते.

गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या असतील तर मी काढण्याच्या बाजूनं आहे: बियाण्याच्या रोपांपुरत्या दोन-तीन कुंड्या ठेवून बाकी रिकाम्या कराव्या. जमिनीत बाग असेल तर घाई नको. तिथंही रोप मुळासकट न उपटता जमिनीलगत कापावं. मुळं जागेवर कुजतात, माती भुसभुशीत राहते. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यानं सूत्रकृमींनाही, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींनाही, आळा बसतो. वरचा निरोगी पाला बारीक करून तिथंच अंथरावा. आपल्याकडे उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवतात, तोच हिशेब: ओल टिकते आणि माती तापत नाही.

जमिनीतल्या रोपांनाही अक्षय्य तृतीयेच्या पुढे ठेवू नये. त्या दिवशी भोपळ्या-दोडक्याची आळी करायची रीत आहे, तेव्हा जागा मोकळी हवीच. शिवाय पहिला वळीव आला की उभं वाळलेलं बी भिजून कुजतं किंवा जागच्या जागी उगवतं. रिकाम्या कुंड्यांतली माती उन्हात तापू द्यावी, जूनच्या तोंडावर शेणखत मिसळावं आणि दोन कुंड्यांत तेरड्याचं बी टाकावं; गौरीला घरचा तेरडा मिळेल.