व्हॅक्यूम गेज आणि कार्ब्युरेटरची मारुती 800 : काही महिन्यांच्या वापरानंतर

कार्ब्युरेटरची गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना, थरथरायला लागली की पहिला हात जातो तो एअर स्क्रूवर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणाऱ्या मिक्स्चर स्क्रूवर. गॅरेजातही तेच होतं. स्क्रू अर्धा आटा इकडं, अर्धा तिकडं, रेसिंग थोडं वाढवायचं आणि गाडी बाहेर. चार दिवसांनी कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पुन्हा तीच थरथर. आमच्या नव्वदच्या दशकातल्या मारुती 800 चं असंच चाललं होतं. एका गॅरेजवाल्यानं तर "कार्ब्युरेटर संपलाय, नवीन टाका" असं सांगून हात वर केले. त्यानंतर मी व्हॅक्यूम गेज घेतला. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर हे लिहितोय.

वस्तू अगदी साधी आहे. गोल डायल, एक रबरी नळी आणि वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन जोड. पिस्टन खाली जाताना मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडं मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यात) जी ओढ तयार होते, ती पाऱ्याच्या इंचांत दाखवणं एवढंच त्याचं काम. पण काटा किती वर आहे आणि कसा हलतोय, या दोन गोष्टींवरून दोष हवेच्या गळतीत आहे, इग्निशनमध्ये, व्हॉल्व्हमध्ये की खरोखर कार्ब्युरेटरच्या मिक्स्चरमध्ये, याचा बराच अंदाज येतो. स्क्रूला हात लावण्याआधी हे कळणं मला फार मोलाचं वाटतं, कारण एकदा स्क्रू फिरला की मूळ दोष झाकला जातो.

आता कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. गेजसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनाचा काटा 17 ते 21 इंचांवर स्थिर राहतो. हा हिशोब समुद्रसपाटीचा आहे. दर 1000 फूट उंचीला साधारण 1 इंच कमी होतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 1800 फुटांवर. त्यामुळं इथं जवळजवळ 2 इंच वजा धरायचे आणि 15 ते 19 मध्ये काटा असला तर निश्चिंत राहायचं. पन्हाळ्यावर गाडी उभी करून बघितलं, तर त्याच इंजिनाचा काटा आणखी दीडएक इंच खाली आला. मालवणला गेलो तेव्हा उलट वर चढला. गाडीत काहीच बदललेलं नव्हतं. हे माहीत नसेल तर 16 वरचा काटा बघून माणूस ठणठणीत इंजिन खोलायला बसेल.

जोडणी कुठं करायची, यातही फसगत होते. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) ॲडव्हान्सला जाणारी बारीक नळी सहज हाताला लागते, पण तिचं भोक थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या, पाकळीच्या वर असतं. स्लोला तिथं जवळपास काहीच ओढ नसते आणि काटा शून्यावर पडून राहतो. गेज पाकळीच्या खालच्या बाजूला, थेट मॅनिफोल्डच्या नळीवर लावायचा. इंजिन पूर्ण गरम हवं, चोक बंद, दिवे बंद आणि रेडिएटरचा पंखा थांबलेला. तीनच सिलिंडर असल्यानं या गाडीत काटा थोडा थरथरतो, तो दोष धरू नये. नळी दोन बोटांत किंचित दाबून धरली की काटा शांत होतो आणि वाचता येतो.

आमच्या गाडीचा काटा 13 वर होता. महत्त्वाचं म्हणजे तो तिथंच स्थिर होता. मिक्स्चर बिघडलं असतं तर तो सावकाश वर-खाली झुलला असता. एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर ठरावीक ठेक्यानं खाली पडला असता. व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असते तर स्लोला जोरात थरथरून रेस केल्यावर शांत झाला असता. स्थिर पण खाली, याचा अर्थ एक तर कुठून तरी फुकटची हवा आत जातेय किंवा टायमिंग मागं आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. टायमिंग बेल्टचा दात सरकला तरी काटा असाच खाली बसतो, म्हणून आधी बेल्टच्या खुणा बघितल्या आणि ठिणगीची वेळ तपासणारी टायमिंग लाइट लावली. दोन्ही जागेवर. उरली हवा. एकेक नळी चिमटीत दाबून बघितली, काटा हलला नाही. मग कार्ब्युरेटरच्या बुडाच्या गास्केटभोवती क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारला. तिथंही फरक नाही. (हे करताना इंजिन गरम असतं, आग लागू शकते, त्यामुळं वायरींपासून लांब आणि कुणीतरी सोबत असतानाच करा.) फवारा थ्रॉटलच्या दांडीच्या टोकाशी गेला आणि इंजिनाचा आवाज बदलला. दांडी बोटांत धरून हलवली तर चक्क डुगडुगत होती. इतक्या वर्षांच्या ॲक्सिलरेटरनं तिथलं भोक लंबगोल झालेलं.

नवीन कार्ब्युरेटर घेण्याऐवजी बॉडी घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांवर आणि फाउंड्रीवर वाढलेला हा भाग, तिथं असली कामं अजून मनापासून होतात. लेथवरच्या मिस्त्रींनी दांडी फिरवून बघितली आणि म्हणाले, "दादा, बॉडी कशाला टाकतायसा? पितळंचं बूश मारून देतो की." भोक रीम करून दोन्ही बाजूंना बूश बसवलं. गाडी चालू केल्यावर काटा 17 वर. त्यानंतरच मिक्स्चर स्क्रू फिरवला, काटा सगळ्यात वर जाईल तिथपर्यंत, आणि मग किंचित आत. पीयूसीलाही कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या मर्यादेत आरामात बसला.

गेजला काय जमत नाही, तेही सांगतो. जुलैत ऐन पावसात गाडी पुन्हा मिसिंग मारायला लागली. काटा मधूनच, कसल्याही ठेक्याशिवाय खाली पडायचा. इग्निशनचा संशय आला, पण कुठला सिलिंडर ते गेज सांगत नाही. त्यासाठी प्लगच्या वायरी एकेक करून काढाव्या लागतात. इन्सुलेटेड पक्कड वापरायची आणि काढलेली वायर बॉडीला टेकवून अर्थ द्यायची. जी काढल्यावर इंजिनाला फरकच पडत नाही, तो सिलिंडर झोपलाय. आमच्याकडं मधला निघाला. रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडलं तर त्या वायरीवरून बॉडीकडं निळी ठिणगी उडताना स्पष्ट दिसली. वायरींचा सेट बदलला, विषय संपला.

पेट्रोलबद्दलही बोललं पाहिजे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिक्स्चर थोडं पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला ते कळण्याचा मार्गच नाही. काटा हलकासा झुलायला लागला की मी स्क्रू किंचित बाहेर घेतो आणि पुन्हा वाचतो. जुन्या रबराच्या नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही, त्या बदलून घ्या. ऊस आपल्याच जिल्ह्यात पिकतो आणि इथेनॉलमुळं शेतकऱ्याला पैसा मिळतो, याचा मला आनंद आहे. पण जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यायलाच हवी.

बनावटीबद्दल: डायल स्पष्ट, आकडे ठळक, काटा अजून शून्यावर नीट परततो. त्याच गेजवर पेट्रोल पंपाचा दाब बघायचीही सोय आहे, मी ती क्वचित वापरली. नळी मात्र कमी प्रतीची. इंजिनाच्या उष्णतेनं काही आठवड्यांत कडक झाली आणि टोकाशी चीर गेली. चिरलेली नळी स्वतःच हवा घेते आणि काटा उगाच खाली दाखवते, म्हणून घेतल्या घेतल्या स्पेअरच्या दुकानातून त्याच मापाची चांगली व्हॅक्यूम नळी हातभर घेऊन बसवा.