चामखिळीवर ‘इम्युनिटी’चा कोर्स: आमचे पैसे कसे गेले

चामखीळ मुळापासून जाईल, फक्त पोटातून इम्युनिटीचं औषध घ्या, असं कुणी सांगत असेल आणि त्यापाठोपाठ पॅकेज, हप्ते, ‘आजच्यापुरती सवलत’ असं बोलणं सुरू झालं असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. अनुभव सांगलीकडचा आहे, पण ही दुकानं आता तालुक्याच्या गावांतही निघाली आहेत. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि तशीही यांना पाटी बदलायला कितीसा वेळ लागतो!

मुलगा नववीत आहे. नखं कुरतडायची जुनी सवय. आधी एका नखाच्या कडेला चामखीळ आली, मग शेजारच्या बोटाला, मग दुसऱ्या हाताला. टाचेजवळही एक होती, तिला आम्ही सगळे कुरूप समजत होतो. दुखत फारसं नव्हतं, पण कबड्डीत साखळी धरायची वेळ आली की पोरं त्याचा हात धरायला मागेपुढे बघायची. त्याने सरावाला जाणंच सोडलं. घरचे उपाय सुरू झाले. सासूबाईंनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितला, शेजारच्या काकूंनी चुना आणि धुण्याचा सोडा. कुणीतरी बिब्बाही सुचवला, पण बिब्बा उतला की काय होतं ते मी माहेरी पाहिलंय, त्यामुळे तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. चुन्याने कातडी भाजली, चामखीळ तशीच.

अशात मोबाइलवर जाहिरात आली. ‘विनाऑपरेशन, विनावेदना, चामखीळ मुळापासून गायब. मोफत इम्युनिटी तपासणी.’ सोबत लहान मुलांच्या हातांचे आधीचे-नंतरचे फोटो.

क्लिनिक झकपक. आत गेल्यावर डॉक्टर दिसायच्या आधी ‘काउन्सेलर मॅडम’ भेटतात. त्यांनी मुलाची उंची, वजन, वय लॅपटॉपवर भरलं आणि त्याच्या मुठीत लॅपटॉपला वायरीने जोडलेली स्टीलची एक गुळगुळीत कांडी दिली. मिनिटभर धरायची. रक्त नाही, लघवी नाही, काही नाही. लगेच प्रिंटरमधून रंगीत कागदांची चळत बाहेर. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, हाडं, जीवनसत्त्वं, सगळ्याचे आकडे आणि पुढे हिरवी, पिवळी, लाल पट्टी. ‘रोगप्रतिकारशक्ती’च्या पानावर लाल जास्त होतं. साहजिकच.

हा रिपोर्ट मी घरी येऊन नीट वाचला. आमच्या मुलाचं नाव मुलींचंही असतं त्यातलं आहे, आणि भरताना मॅडमनी ‘स्त्री’वर टिचकी मारली होती. त्यामुळे रिपोर्टात एक अख्खं पान स्त्रीरोगाचं होतं. त्यात माझ्या मुलाच्या अंडाशयाचं कार्य ‘किंचित कमी’ होतं. फोन केला तर उत्तर काय मिळावं? ‘मॅडम, तो सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, इम्युनिटीचं पान बरोबरच आहे.’ असली यंत्रं ऑनलाइन कुणालाही विकत मिळतात. कांडी हातात धरून कुणाचीही प्रतिकारशक्ती मोजता येत नाही. वय, लिंग, वजन जे भराल त्यावरून आकडे येतात. पण हे कळेपर्यंत पैसे भरून झाले होते.

पैसे असे भरले जातात. चामखीळ जाळून किंवा गोठवून घेतली तर काय, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘ते वरचं झाड कापण्यासारखं आहे ताई, मूळ रक्तात आहे. आतून इम्युनिटी वाढवली की ती आपोआप गळून पडते, परत आयुष्यात येत नाही.’ तीन महिन्यांचा कोर्स २४,००० रुपयांचा, आज घेतला तर १८,५००. पाच हजार लगेच, बाकीचे १३,५०० एका अ‍ॅपवरून २,२५० च्या सहा हप्त्यांत. तीन महिन्यांच्या औषधाला सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे औषध संपून गुण आला नाही तरी हप्ते चालूच. कर्जाचा अर्ज यजमानांच्या फोनवर मॅडमनीच भरून दिला, ओटीपीसुद्धा त्यांनीच विचारून टाकला. डॉक्टर आले ते त्यानंतर, दोन मिनिटांसाठी. त्यांनी बोटं लांबूनच पाहिली, पायमोजा काढायला सांगितलाच नाही.

पिशवीत तीन गोष्टी होत्या. एक कॅप्सूलची बरणी, एक काढ्यासारखं सिरप आणि पांढऱ्या गोळ्या. गोळ्या स्ट्रिपमधून कात्रीने एकेक कापून झिपच्या पाकिटात घातलेल्या, पाकिटावर स्केचपेनने ‘इम्यून-३’ लिहिलेलं. पंधरा दिवसांतून सलग तीन दिवस एकेक घ्यायची, एवढंच सांगितलं.

कॅप्सूल घेतली की पोराला मळमळायचं, उपाशीपोटी घेतली तर उलटी. ‘टॉक्सिन निघतायत,’ असं उत्तर आलं. पहिला महिना संपता संपता बोटांवर नवीन तीन चामखिळी दिसल्या. मी फोटो पाठवला. त्यावर अंगठ्याची खूण आणि ‘छान! आतलं बाहेर पडतंय, इम्युनिटी जागी झाली.’ इथे माझा संशय पक्का झाला. चामखीळ गेली तर औषधाचा गुण, वाढली तरीही औषधाचाच गुण! मग औषध चाललं नाही हे कळायचं कशावरून? तसं मी विचारलं तर त्यांनी ‘बूस्टर फेज’ सुचवला, सात हजारांचा.

माझ्या धाकट्या भावाचं तासगावला मेडिकल आहे. त्याच्यापुढे पिशवी उलटी केली. त्याने आधी बरणी हातात घेतली, फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाला, ‘ताई, हे औषधच नाही.’ लेबलवर औषध परवान्याचा क्रमांक कुठेच नव्हता. होता तो अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, जो बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. आणि सगळ्यात खाली, भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरात, इंग्रजीत छापलेलं: औषधी वापरासाठी नाही. पूरक आहार म्हणून विकायच्या मालावर हे वाक्य छापावंच लागतं. म्हणजे बरणी स्वतः सांगत होती की मी औषध नाही, आणि काउंटरवर तीच चामखिळीचं औषध म्हणून विकली जात होती. आत झिंक, क जीवनसत्त्व, आवळा, गुळवेल. मळमळ झिंकची, उपाशीपोटी झिंक घेतलं की असं होतंच. खूप झिंक दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, हेही त्यानेच सांगितलं. गुळवेल तर सगळ्यांना घरचीच वाटते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, पण नववीतल्या पोराला ती विनाकारण महिनोन्‌महिने कशाला द्यायची?

मग पांढऱ्या गोळ्या. त्याने सगळे तुकडे काउंटरवर मांडले. प्रत्येकावरचं नाव बेताने कापलेलं होतं, पण एका तुकड्यावर कात्री चुकली होती. चंदेरी कागदावर नावाची मागची अक्षरं आणि १५० हा आकडा राहिला होता. लेव्हामिसोल. भावाचा चेहराच बदलला. हे मुळात जंतांचं औषध. प्रतिकारशक्तीवर त्याचा काही परिणाम होतो म्हणून मुलांच्या मूत्रपिंडाच्या एका आजारात डॉक्टर ते देखरेखीखाली वापरतात, आणि चामखिळीवरही ते देऊन पाहिलेलं आहे. पण क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते एकदम खाली आणतं, इतक्या की साध्या संसर्गानेही जीवावर बेतावं. अमेरिकेत माणसांसाठीची त्याची विक्री २००० च्या सुमारास बंदच झाली. ताप आला, घसा धरला, तोंड आलं तर लगेच रक्त तपासा, हे सांगितल्याशिवाय ही गोळी द्यायचीच नसते. आम्हाला नावसुद्धा सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सीबीसी केली. पेशी ठीक निघाल्या, तेवढं एक बरं झालं.

नंतर मिरजेच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात गेलो. केसपेपर काढला, रांग होती, पण तिथल्या डॉक्टरांनी आधी पायमोजा काढायला लावला. टाचेवरची जाड कातडी ब्लेडने हलकी खरवडली आणि भिंगातून मलाही दाखवलं. आत बारीक काळे ठिपके. ‘हे कुरूप नाही, चामखीळच आहे. ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या.’ कुरूप वरून दाबलं की जास्त दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. आणि तळव्यावरच्या रेषा कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीपाशी तुटतात. घरी करून पाहण्यासारखी ओळख आहे.

मी रक्तातल्या मुळाचं विचारलं, तर त्या हसल्या. चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूने होते, त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो. रक्तात जात नाही, आणि चामखिळीला मूळबीळ काही नसतं. वरच्या थरात लपून राहतो म्हणूनच शरीराला त्याचा सुगावा उशिरा लागतो. मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. एचआयव्ही असेल, अवयव बदलल्यानंतरची औषधं चालू असतील, तर चामखिळी जास्त येतात आणि चिवट असतात, हे खरं. या खऱ्या गोष्टीच्या आधाराने धडधाकट पोरांना ‘इम्युनिटी कमी’चा शिक्का मारला जातो. करोनानंतर हा शब्द चहाच्या पुड्यावरही आला, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटतं.

त्यांनी सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. मुलांमधल्या साधारण निम्म्या चामखिळी काहीही न करता वर्षभरात जातात, दोन वर्षांत दोनतृतीयांश. मोठ्या माणसांत जास्त वेळ लागतो. आता हा सगळा धंदा या आकड्यावर उभा आहे. शंभर मुलांना साखरेच्या गोळ्या देऊन वर्षभर थांबा, पन्नास मुलांचे आधीचे-नंतरचे फोटो आपसूक मिळतात. जाहिरातीतले फोटो खोटे असायचीही गरज नाही!

पोटातून घ्यायची सगळीच औषधं थोतांड, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणत नाही. झिंकचे चांगले निकाल काही लहान अभ्यासांत दिसले आहेत. सिमेटिडिन या अ‍ॅसिडिटीच्या गोळीचा एकेकाळी बराच बोलबाला झाला, पण कुणाला खरी आणि कुणाला खोटी गोळी हे लपवून तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. खूप चामखिळी असतील, बाकी उपाय थकले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ यातलं काही करून पाहतात. पण ते औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून देतात, रक्त तपासतात आणि खात्री देत नाहीत.

आम्हाला मिळालं ते सॅलिसिलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचं लावायचं औषध, बाटली दोनशेच्या आत. रात्री पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बोट भिजवायचं, मऊ झालेली कातडी कानशीने घासायची (ती कानशी दुसऱ्या कुणी वापरायची नाही), आजूबाजूला व्हॅसलीन लावायचं आणि फक्त चामखिळीवर थेंब. तीन महिनेही लागू शकतात, हे आधीच सांगितलं. मधुमेह असलेल्यांनी पायाला हे स्वतःच्या मनाने लावायचं नाही. टाचेच्या चामखिळीवर द्रव नायट्रोजन मारला, उणे १९६ अंशांचा. दुखलं, फोडही आला. आणि नखं कुरतडणं बंद, कारण विषाणू एका बोटावरून दुसऱ्यावर जात होता तो त्यामुळेच. बोटांच्या आता गेल्यात, टाचेची अजून थोडी आहे.

गुप्तांगावर चामखीळ आलेल्यांना ही मंडळी याहून जास्त लुटतात, कारण लाजेपोटी कुणी तक्रार करत नाही. आमच्या परिचयातल्या एका मुलाकडून आमच्या दुप्पट पैसे घेतले. त्यासाठी त्वचा व गुप्तरोग विभाग सरकारी रुग्णालयात असतो, तिथे कुणी नावं ठेवत नाही.

पैशाचं काय झालं? क्लिनिकने परत द्यायला साफ नकार दिला. पावतीवर औषधांची नावंच नव्हती, फक्त ‘वेलनेस प्रोग्रॅम, नॉन-रिफंडेबल’. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि कर्ज देणाऱ्या कंपनीलाही ईमेल केला, सोबत स्त्रीरोगाच्या पानासकट रिपोर्ट. उरलेले हप्ते थांबले, भरलेले पैसे अजून आले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तो अर्ज आता तयार करतेय. बिननावाच्या गोळ्यांची तक्रार वेगळी, ती अन्न व औषध प्रशासनाकडे दिली आहे. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. आपण घेतलेल्या औषधाची बरणी, कापलेली स्ट्रिप, पाकीट, चॅटचे स्क्रीनशॉट, काहीही टाकून देऊ नका. माझ्याकडे तो कात्री चुकलेला तुकडा होता, म्हणून तर गोळीचं नाव लिहून देता आलं.