पितळी क्वार्टर-टर्न अँगल कॉक: सिडकोच्या जुन्या घरांत चालेल का?

भिंतीतला पाइप आणि कनेक्शन पाइप जोडणारा, पाव फेऱ्यात उघड-बंद होणारा हा अर्धा इंची पितळी कॉक पीटीएमटीच्या (प्लास्टिकच्या) कॉकपेक्षा महाग, पण आटे सहज जात नाहीत आणि आत सिरॅमिक चकत्या असल्याने वायसरची कटकट नाही. खरी गोम वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींतल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात आहे. गंजाचा कण सिरॅमिक चकत्यांत अडकला की चरा पडतो, बंद कॉकही ठिबकतो. मग चकत्या असलेला आतला भाग, म्हणजे अख्खं कार्ट्रिज बदला. म्हणून कॉक बसवण्याआधी पाइपातून अर्धी बादली पाणी सोडाच. कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे, घड्याळाच्या दिशेने. उलटे दिलेत तर आवळताना टेप चुरगळून बाहेर येते. कनेक्शन पाइप हाताने आवळून वर पान्याने फक्त पाव फेरा द्या, नाहीतर आतलं रबर चिरतं. सोबतची, भिंतीतलं भोक झाकणारी वाटी मात्र पातळ पत्र्याची, अगदीच भिकार.