लॅटिनो मुलांविषयीचा अभ्यासक्रम, जतच्या मुख्याध्यापकाच्या नजरेतून

घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांना शाळाप्रमुखाने कसा आधार द्यावा, या विषयावरचा एका अमेरिकी विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील उमदी-संख भागात घरी कानडी बोलणारी कितीतरी मुले मराठी माध्यमाच्या वर्गात बसतात, म्हणून हा विषय मला परका वाटला नाही.

इतिहासाचा भाग नेटका आहे. क्यूबातील क्रांतीनंतर मायामीत आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी १९६३ मध्ये कोरल वे या सरकारी शाळेत स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणे सुरू झाले आणि इंग्रजी बोलणारी मुलेही त्यात सामील झाली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९९८ मध्ये द्वैभाषिक वर्गांवर निर्बंध आणले आणि २०१६ मध्ये ते स्वतःच उठवले.

खरा कस मात्र व्यवस्थापनाच्या पाठांत आहे. अशा मुलांची जबाबदारी एखाद्या हौशी शिक्षकावर सोडून न देता ती वेळापत्रकात, खर्चात आणि पालकांशी होणाऱ्या व्यवहारात दिसली पाहिजे, हे तेथे उदाहरणांसह मांडले आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरवले असले, तरी सभा केवळ मराठीत चालते तेव्हा कानडी बोलणाऱ्या माता सही करून गप्प बसतात, याकडे मी या पाठांनंतर अधिक गांभीर्याने पाहू लागलो. आता विषयपत्रिका आधी कानडीत वाचली जाते.

शिक्षक निवडीचा पाठ आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी आहे. तेथील मुख्याध्यापक उमेदवाराची मुलाखत घेऊन द्वैभाषिक शिक्षक मागू शकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पदे संचमान्यतेने, म्हणजे पटसंख्येनुसार होणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीने, ठरतात आणि कानडी जाणणारा शिक्षक पुढच्या बदल्यांत निघून जाऊ शकतो. याविषयी विचारलेल्या प्रश्नाला ठरावीक साच्याचे उत्तर आले. थेट सत्रे आपल्याकडे भल्या पहाटे होतात, हीही एक गैरसोय.

शुल्क डॉलरमध्ये आहे, पण प्रमाणपत्र नको असेल तर व्याख्याने विनाशुल्क पाहता येतात. या प्रमाणपत्राची सेवापुस्तकात नोंद होईल अशी आशा नसल्याने पैसे भरण्याची घाई करू नये.