फोटोंच्या तारखा काढायला एक्झिफटूल

शेल स्क्रिप्टमधून (म्हणजे कमांडच्या छोट्या प्रोग्रॅममधून) फोटो काढल्याची तारीख मिळवायची तर एक्झिफटूलला तोड नाही; फोटोत दडलेली माहिती वाचणारा हा कमांडवर चालणारा प्रोग्रॅम आहे. फाइलची तारीख कॉपी करताना बदलू शकते. ‘डेटटाइमओरिजिनल’, म्हणजे फोटो काढल्याच्या वेळेची नोंद, फोटोच्या आतच असते. मात्र लूप लावून दर फोटोला एक्झिफटूल वेगळं चालवू नका: ते ज्या भाषेत लिहिलंय ती पर्ल प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते आणि काम रेंगाळतं. अख्खं फोल्डर एकदाच द्या. तारीख 2019:04:12 अशी येते, ती शेलच्या तारखा हाताळणाऱ्या ‘डेट’ कमांडला पचत नाही; आधी पहिले दोन कोलन बदलून डॅश करा. मोबाइलच्या व्हिडिओंची वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचं चित्रण भलत्याच दिवसात जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत तारीख सहसा उरतच नाही, ती फाइलच्या नावातून काढावी लागते. एक्झिफटूलने फाइलींची नावं बदलण्याआधी त्याच्याच ‘टेस्टनेम’ने रंगीत तालीम कराच; त्यात नवी नावं नुसती दिसतात, बदलत काही नाही.